रविवारसाठी आयर्लंड

मुलगी आयर्लंडला गेल्यापासून सात वर्षं मी दर रविवारी तिच्याशी फोनवर तीच चार वाक्यं बोललो. "हां, बोल. बरी आहेस ना? पाऊस आहे का तिकडे? थांब, आईला देतो." एवढं झालं की फोन हिच्या हातात आणि मी पेपरात. मग तासभर दोघींचं चालायचं. आमटीत काय घातलंस, ऑफिसातली ती खडूस बाई अजून त्रास देते का, खोकला आहे तर ज्येष्ठमध चघळ. मी शब्दकोडं सोडवता सोडवता अर्धं ऐकायचो. मधेच ही खो-खो हसायची. मी विचारायचो, "काय झालं?" तर हात हलवून म्हणायची, "काही नाही हो, तुमच्या कामाचं नाही." मला त्यात काही खटकायचं नाही. आमच्या प्लांटमधल्या बहुतेकांची मुलं अशीच कुठे कुठे पांगलेली, आणि सगळे बाप 'आईला देतो'वालेच. आमच्या घरात तर आईला 'अगं' आणि मला 'अहो बाबा', तेव्हा आणखी काय बोलणार?

दीड वर्षापूर्वी ही गेली. साधा ताप म्हणून हॉस्पिटलात नेलं, तो छातीत उतरला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सातला डॉक्टर बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले. मुलीला फोन केला तेव्हा तिच्याकडे उजाडलंसुद्धा नव्हतं. दोन तासांत तिने विमानतळावरून फोन केला. म्हणाली, "बाबा, तिकीट मिळालं. उद्या अकरापर्यंत घरी पोचते. थांबा."

आम्ही थांबलो नाही. त्याच दिवशी दुपारी चारला सगळं आटोपलं. माझा थोरला भाऊ घोडबंदर रोडला राहतो, तो आलेला. दादा वडीलधारा, तो म्हणाला, जास्त वेळ ठेवू नये, देहाचे हाल होतात. म्हणून लगेच उरकलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. मुलीलाही तेच सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी साडेअकराला आली तेव्हा हॉलमध्ये पणती तेवत होती आणि मी सतरंजीवर बसलेलो. तिने बॅग खाली ठेवली, बूट काढले. आधी बेडरूममध्ये जाऊन आली, मग स्वयंपाकघरात. मग माझ्यासमोर येऊन बसली. तेरा दिवस राहिली, सगळ्यांचं चहापाणी बघितलं, हिची औषधं टाकून दिली, आणि परत गेली.

त्यानंतरच्या रविवारी फोन आला. "हां, बोल. बरी आहेस ना? पाऊस आहे का तिकडे?" म्हणालो, आणि पुढचं "थांब" तोंडातून निघूनही गेलं. मग दोघंही थांबलोच. फोन हातात, आणि द्यायला कोणी नाही. शेवटी तीच म्हणाली, "जेवलात का, बाबा?" मी म्हणालो, "हो, डबा येतो." झालं. संपला फोन.

त्यानंतरचे काही रविवार दहा-अकरा मिनिटं तरी व्हायची. पुढे आठ, मग सहा. एकदा चारच. फोनवर आपोआप लिहून येतं ना, किती मिनिटं बोललात, ते मी मुद्दाम बघायचो. खोटं कशाला बोलू, रविवारी दुपारी तीन वाजत आले की फोन चार्ज आहे ना ते मी पुन्हा पुन्हा बघायचो. एक दिवस हा फोन यायचाच बंद होणार, आणि त्यात तिचं काही चुकलं असं कोणी म्हणणारही नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. ती एकुलती एक. ही गेल्यावर माझं म्हणावं असं ह्या जगात तेवढंच एक माणूस उरलेलं, आणि ते चार मिनिटांवर आलेलं.

मी एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, शेवटची बारा शिफ्ट इनचार्ज म्हणून. आमच्या धंद्यात तयारीशिवाय तोंड उघडायचं नाही. शिफ्ट दुसऱ्याच्या ताब्यात देताना सगळं आधी वहीत लिहून काढायचं आणि मग बोलायचं. मला वाटलं, बोलणं होत नाही कारण विषय नाहीत. ठीक आहे, विषय जमवू. हिच्याकडे स्वयंपाक होता, नातेवाईक होते, अख्ख्या बिल्डिंगची खबरबात होती. माझ्याकडे काय? मुलगी जिथे राहते तो देश. आठ वर्षं होत आली, आणि तिथे पाऊस पडतो ह्यापलीकडे मला काही माहीत नव्हतं. कोणी विचारलं तर मी 'लंडनच्या बाजूला' सांगून मोकळा व्हायचो.

आमच्याकडे स्टेशनच्या पूर्वेला, गल्लीत, पहिल्या मजल्यावर एक वाचनालय आहे. तिथल्या बाई मला ओळखतात, कारण रिटायर झाल्यापासून मी त्यांच्या रहस्यकथांचं कपाट फस्त केलेलं. त्या दिवशी मी आयर्लंडवर काही आहे का विचारलं तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काका, खून कुठला आहे का त्यात?" मग स्टुलावर चढून एक प्रवासवर्णन काढून दिलं. पाच दिवसांत अख्खा देश उरकलेला. त्यातली चार पानं लेखिकेच्या हरवलेल्या बॅगेवर आणि तीन हॉटेलच्या नाश्त्यावर. मी ते एका दुपारी संपवलं आणि दुसऱ्या दिवशी नेऊन आपटलं. बाईंना म्हणालो, "ह्यात देश कुठाय?" त्यांना गंमत वाटली असावी. त्या शोधायला लागल्या. मागच्या खोलीत कोणा वाचकाने देणगी दिलेली इंग्रजी पुस्तकं पोत्यात पडून होती, त्यातून दोन काढली. एक खेड्यातल्या माणसांच्या गोष्टींचं, आणि एक जाडजूड, तिथल्या जुन्या रीतीभातींचं. दुसऱ्याच्या पानांना कसर लागलेली. "ते कोणी नेतच नाही, ठेवा महिनाभर," म्हणाल्या.

माझं इंग्रजी कारखान्यातलं. व्हॉल्व्ह, प्रेशर, लीकेज इथपर्यंत झकास. गोष्टी वाचताना घाम फुटला. एका पानाला अर्धा तास, शेजारी डिक्शनरी. पण लागलो. चार गोष्टी झाल्यावर लक्षात आलं की ह्या माणसांना मी ओळखतो. पावसात भिजलेलं गवत, बटाटे, तोंडाने फटकळ बायका, कोर्टात गेलेले बांधाचे तंटे, आणि प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी समुद्रापलीकडे गेलेलं. एका गोष्टीत म्हातारा पोस्टमनची वाट बघत फाटकाशी उभा असतो, आणि पोस्टमन सायकलवरून न थांबता पुढे जातो. गोष्टीत एवढंच घडतं. मी पुस्तक मिटून उठलो आणि उगाचच कुंड्यांना पाणी घातलं. सकाळी घातलेलं होतं.

मग गाणी. मुलीने हिला भजनं ऐकायला एक मुठीएवढा स्पीकर आणून दिलेला, तो कपाटातून काढला. फोनवर शोधलं की ढिगाने सापडतं. तिथल्या संगीताचे, माझ्या अडाणी समजुतीप्रमाणे, दोन प्रकार. एक पळतं, पाय आपटायला लावणारं. व्हायोलिन, बासरी आणि एका हातात धरून वाजवायचा डफ. ते मला पहिल्या दिवसापासून आवडलं. दुसरा प्रकार संथ. साथ नाही, तबला नाही, पेटी नाही. एक माणूस खुर्चीवर बसतो, डोळे मिटतो आणि गायला लागतो, आणि कधीकधी शेजारचा कोणीतरी त्याचा हात हातात घेतो आणि गाणं संपेपर्यंत हळूहळू फिरवत राहतो. आपल्याकडे गायकाला मान डोलावून दाद देतात, इथे हात धरतात. हे मी किती वेळा बघितलं असेल! शब्द काडीचा कळत नव्हता. काखेत भाता दाबून वाजवायचं एक वाद्य आहे, त्याचा आवाज सनईच्या जवळचा, पण लग्नातली सनई नाही. ते मी दुपारी लावून बसायचो. शेजारच्या वहिनींचं आणि आमचं स्वयंपाकघर एका भिंतीला लागून. तिसऱ्या दिवशी त्या दारात. "भाऊजी, कोणी गेलं का?"

"नाही हो, गाणं आहे."

"हे गाणं? काहीतरी बरं लावा हो. आमच्याकडे पाहुणे आलेत." असं म्हणून मला वाटीभर खीर देऊन गेल्या.

रविवार आला. मी जुन्या डायरीत तीन विषय लिहून तयार. फोन आला, पाऊस झाला, आणि मी म्हणालो, "अगं, तिकडे जमिनीतून चिखलाच्या विटा काढतात आणि वाळवून चुलीत घालतात म्हणे, खरं का?" ती हसली. चक्क हसली! "बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं हे?" मी छाती काढून सांगितलं की वाचतोय. तिने आईच्या आवाजात "अगंबाई!" केलं. चौदा मिनिटं झाली त्या दिवशी. फोन ठेवल्यावर मी एकटाच हॉलमध्ये टाळी वाजवली.

पुढचे तीन-चार महिने हेच. आठवडाभर अभ्यास, रविवारी परीक्षा. माझ्या दिवसाला काहीतरी आकार आला, नाहीतर डबा येईपर्यंत बारा आणि डबा धुवेपर्यंत एक, त्यानंतर करायचं काय? वाचनालयाच्या बाई मला 'आयर्लंडवाले काका' म्हणायला लागल्या. मला थोडा माजही चढला. मी मुलीलाच उलटे प्रश्न विचारायला लागलो. "तो भात्याचा वाजवायचा प्रकार प्रत्यक्ष ऐकलास का?"

"नाही हो बाबा. ऑफिस आणि घर."

"आठ वर्षं राहून ऐकला नाहीस? कमाल आहे तुमची! अगं, शनिवारी तिथल्या दुकानांत बसून वाजवतात, पुस्तकात आहे."

"पबमध्ये. एकटीने कुठे जाऊ मी?"

मी म्हणालो, "त्यात काय एवढं," आणि डायरीतल्या दुसऱ्या विषयाकडे वळलो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पोरगी सांगत होती की ती एकटी आहे, आणि मी तिला वाद्याची माहिती देत होतो. तिच्या गावात आपली माणसं किती आहेत, आजारी पडली तर दार कोण उघडतं, घरात शिरल्यावर ती दिवा आधी लावते की टीव्ही, ह्यातलं एक अक्षर मी कधी विचारलं नाही. ते विषय वहीत नव्हते.

आणि मग मी ती घोडचूक केली.

रीतीभातींच्या त्या जाड पुस्तकात मयताचं एक मोठं प्रकरण होतं. मला ते फार आवडलं, म्हणजे विषय म्हणून आवडलं. जुन्या काळी तिथे माणूस गेलं की घरातलं घड्याळ बंद करायचे, आरसा झाकायचे, खिडकी उघडायचे. देह घरातच, बैठकीच्या खोलीत. आणि त्याला एक मिनिटसुद्धा एकटं सोडायचं नाही. सगळं गाव येणार, चहा, पाव, तंबाखू, गेलेल्याच्या गमतीजमती, मधेच गाणं, मधेच रडणं. दोन-दोन दिवस. अजूनही कित्येक ठिकाणी करतात म्हणे. मी ते प्रकरण दोनदा वाचलं, खुणेची चिठ्ठी घातली, आणि रविवारी पहिला विषय म्हणून तोच काढला.

मी रंगात आलेलो. घड्याळ सांगितलं, आरसा सांगितला, तंबाखूच्या चिलमी सांगितल्या. म्हणालो, "आणि गंमत म्हणजे घाई करत नाहीत अगं. लांब कोणी असेल, परगावी, परदेशी, तर त्याची वाट बघतात. तो येईपर्यंत आळीपाळीने बसून राहतात."

पलीकडे काही आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली. "हॅलो? ऐकू येतंय का?"

"येतंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी वाट बघितली असती."

आता तरी कळावं की नाही माणसाला? कळलं, लगेच कळलं. पण तोंडातून काय निघालं? "अगं, आपल्याकडे हवा वेगळी. उष्मा किती. आणि दादा वडीलधारा, तो म्हणाला..." हवामान समजावत होतो मी तिला! ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "बरं बाबा, ठेवते. मशीन लावलंय कपड्यांचं." माझी तोंडदेखली चौकशीही नाही, तिने माझं जेवण विचारलं नाही.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. संध्याकाळी मेसेज आला, 'कामात आहे'. त्याच्या पुढच्या रविवारीही तोच मेसेज, बहुधा तोच पुन्हा पाठवलेला. त्या दोन रविवारांत मी फोन हातात धरून गॅलरीत बसलो. समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे तरी पूजा होती, माणसं येत होती, चपलांचा ढीग पडलेला. मला कोणी मारलं असतं तर परवडलं असतं. घरात इतकी शांतता की फ्रीज सुरू झाला की दचकायचो. स्पीकर लावला नाही. ती गाणी आता मला ऐकवेनात.

सोमवारी जाऊन पुस्तकं परत केली. बाई म्हणाल्या, "का हो काका, संपलं आयर्लंड? दुसरा देश देऊ का?" मी म्हणालो, "नको." त्यांनी ते जाड पुस्तक उघडून माझी खुणेची चिठ्ठी काढली, मला परत दिली, आणि पुढच्या माणसाचं कार्ड घेतलं.

जिना उतरताना मी ठरवलं, आता बोलायचं. ठरवायला एक मिनिट, बोलायला आणखी दोन दिवस. मी तिला आपणहून फोन केल्याला, तो हॉस्पिटलातला सोडला तर, किती वर्षं झाली असतील देव जाणे. ती कामात असेल, उगाच कशाला, असं म्हणत आलो. बुधवारी संध्याकाळी साडेपाचला केला. तिकडे तिची जेवायची सुट्टी. पहिल्या रिंगला उचलला, घाबरून. "बाबा? काय झालं? बरं आहे ना?"

"मी बरा आहे," म्हणालो. "मला एक सांगायचंय. मधे बोलू नकोस, नाहीतर माझं राहून जाईल." हातात वही नव्हती. "दादा नाही म्हणालेला. दादाने उलट विचारलेलं, 'पोरीसाठी थांबूया का? सोसायटीचे सेक्रेटरी पेटीची सोय करतायत, बर्फाची.' मीच म्हणालो, नको. देहाचे हाल होतील वगैरे मीच म्हणालो. दादाने फक्त मान हलवली. मला भीती वाटली गं. ही घरात अशी ठेवलेली, आणि मला ती संध्याकाळ, ती रात्र, दुसरी सकाळ तिच्याजवळ बसायचं. प्लांटमध्ये मी काय काय बघितलंय, माणसं उचललीत मी ह्या हातांनी. पण हिच्याजवळ बसायची मला हिंमत झाली नाही. मला ते लवकर संपायला हवं होतं. म्हणून तुझ्यासाठी थांबलो नाही. चुकलो मी. फार चुकलो."

पलीकडे कोणाच्या तरी बोलण्याचा, चमच्यांचा आवाज येत होता. मग दार लोटल्याचा आवाज, आणि शांतता. ती बाहेर आली असावी.

"मला माहीत होतं बाबा," ती म्हणाली.

"काय?"

"काकांनी बाराव्याला सांगितलं मला. त्यांना राहवलं नाही. म्हणाले, मी थांबू म्हणत होतो." ती अगदी हळू बोलत होती. "मी म्हटलं, बाबा सांगतील. आज नाही तर पुढच्या रविवारी सांगतील. दर रविवारी मला वाटायचं, आज सांगतील. आणि तुम्ही मला व्हायोलिन सांगत बसलात."

मी भिंतीला टेकून खाली बसलो. दीड वर्ष ती फोन करत होती. तिच्याकडे विषय नव्हते असं नाही. एकच होता आणि तो माझ्या तोंडून यायला हवा होता. मी रडलो, मोठ्याने रडलो. हिच्या वेळी रडलो नव्हतो इतका. तिने फोन ठेवला नाही.

बऱ्याच वेळाने तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "आता मला सांगा. मी काहीच बघितलं नाही. सकाळपासून सांगा, सगळं."

"तुझी सुट्टी संपेल."

"संपू दे. सांगा."

सांगायला लागलो. डॉक्टर काय म्हणाले, कागदांवर सह्या कुठे केल्या, गाडी कधी आली, जिन्यातून वर कसं आणलं, कोण कोण होतं. इथवर मी घडाघडा सांगितलं. मग तिने विचारलं, "घरी आणल्यावर?"

"मग बायकांनी केलं सगळं. साडी, ओटी. सवाष्ण ना."

"आई कशी दिसत होती?"

"चांगली. शांत."

"केस कोणी विंचरले तिचे?"

मला आठवेना. मी आठवायचा प्रयत्न करत होतो आणि समोर फक्त बिल्डिंगचं आवार येत होतं. बांबू आणणारी माणसं, पाण्याचा टँकर आडवा लागलेला, तो काढायला सांगणारा मी. मी खालीच होतो. दोन तास मी खाली पुरुषांत उभा राहून नाही नाही त्या व्यवस्था बघत होतो. पाणी घालायला मला वर बोलावलं तेव्हा चमचा हातात धरून मी डोळे मिटले. तिथेही, स्मशानात, कोणीतरी हात धरून पुढे नेलं, मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

"बाळा," मी म्हणालो, "मी बघितलंच नाही."

"काय बघितलं नाही?"

"तिला. हॉस्पिटलनंतर मी तिच्याकडे बघितलंच नाही."

तिच्या रडण्याचा आवाज आला.

"म्हणजे बाबा," ती म्हणाली, "तिथे तुम्हीपण नव्हतात."

खरं होतं. मी "हो" म्हणालो. दोघंही रडत होतो, आणि मला एवढं कळत होतं की आता जर फोन ठेवला तर पुन्हा उचलायचं धैर्य माझ्यात यायचं नाही. मी उठलो. "ठेवू नकोस," म्हणालो, आणि तसाच दार उघडून शेजारची बेल दाबली. वहिनी पीठ लागलेल्या हातांनी आल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "अगंबाई, भाऊजी, काय झालं?"

"वहिनी, त्या दिवशी हिचे केस कोणी विंचरले?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या फोनकडे बघितलं. "या, आत या आधी," म्हणाल्या. हात धुऊन आल्या आणि माझ्यासमोर सोफ्यावर बसल्या. मी फोन स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवला.

"मीच विंचरले गं," त्या फोनकडे बघत म्हणाल्या. "हॉस्पिटलात तीन दिवस आडवी होती ना, मागे सगळा गुंता झालेला. कोणी म्हणालं, असू दे, कशाला आता. मी म्हटलं, नाही, अशी नाही जायची ती. तेल लावून एकेक गाठ सोडवली. मग वेणी घातली. सैल घातली. घट्ट वेणीने तिचं डोकं दुखायचं."

"हो," फोनमधून मुलगी म्हणाली, "पहिल्यापासूनच दुखायचं."

"गजरा मी म्हटलेलं अबोलीचाच आणा. मोगऱ्याच्या वासाने तिला मळमळायचं."

"लग्नातसुद्धा तिने मोगरा घातला नव्हता, मावशी."

"मला सांगितलेलं तिने."

माझ्या लग्नाबद्दल चाललेलं. चौतीस वर्षं मी त्या बाईबरोबर राहिलो, आणि घट्ट वेणीने तिचं डोकं दुखतं, मोगऱ्याने तिला मळमळतं, हे मला त्या दिवशी, शेजारच्यांच्या सोफ्यावर कळलं. दोघी पुढे बोलत होत्या. मी ऐकत बसलो.